दुपारच्या किल्ल्या

आत्यांना हे काम कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निदान नाही म्हणायची सोय राहिली असती. ते आपलं एकेका किल्लीने त्यांच्या गळ्यात पडत गेलं.

त्यांचं उभं आयुष्य शाळेची बस चालवण्यात गेलं. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी खोदून विचारलंच, तर त्या म्हणत, "रोज बसभर पोरं होती, आणखी कशाला?" निवृत्त झाल्यावर आता स्वस्थ बसायचं असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. दादाचा मुलगा, म्हणजे आत्यांचा भाचा, आणि भाचेसून दोघंही नोकरीवर जाणारे. आत्या आपली बॅग घेऊन 'थोडे दिवस' म्हणून भाच्याच्या तळमजल्यावरच्या घरात आल्या, त्या आल्याच.

भाचा इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी होता. इमारत चार मजली, वायरिंग जुनी. अंगणात विजेवरच्या गाड्या वाढू लागल्या तेव्हा वीज कंपनीच्या माणसाने मीटरच्या खोलीत डोकावून हात वर केले. एवढा भार ही लाइन झेलणार नाही म्हणाला. मग भाच्याने चिकाटी धरून गच्चीवर सोलर पॅनेल बसवून घेतली आणि अंगणाच्या भिंतीला चार्जिंगचे तीन पॉइंट काढले. ऊन असेतो पॉइंट चालू, ऊन उतरलं की बंद. जाळायला काही नाही, धूर नाही, वीज सगळ्या इमारतीच्या मालकीची. भाचा खूष होता आणि खूष व्हावं असंच ते काम होतं.

एकच गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. ऊन दुपारी असतं आणि दुपारी घरी कुणी नसतं. बहुतेक मंडळी कामावर बसने जात, गाड्या दिवसभर अंगणात उभ्या. सकाळी ज्या तीन गाड्या पॉइंटला लागत, त्या भरून गेल्या तरी संध्याकाळपर्यंत जागा अडवून बसत. मागे रांगेत रिकाम्या बॅटरीच्या गाड्या आणि वर गच्चीवर पॅनेल उगाच तापत पडलेली. विजेला तोटा नव्हता, गाडी हलवायला माणूस नव्हतं.

म्हणजे तसं होतं. तळमजल्यावर, अंगणाकडे खिडकी असलेल्या घरात, बस चालवलेली एक बाई दिवसभर घरीच होती.

पहिली बेल वाजवली ती तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी. "आत्या, माझी गाडी भरली की जरा बाजूला घ्याल? किल्ली ठेवून जातो." त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? दुसऱ्या दिवशी बँकवाल्यांची किल्ली बघून प्रोफेसरांनी आपली ठेवली. मग चष्म्याच्या दुकानवाल्याने, मग वरच्या दोघी नर्सबहिणींनी. भाच्याने स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी पट्टी ठोकून तिला हूक लावून दिले. आत्यांची सोय व्हावी म्हणून. त्या पट्टीने मामला कायमचा झाला.

कुणाची गाडी आधी, याचा निकाल लावायला इमारतीने एक युक्ती काढली होती. पॉइंटशेजारी दोरी बांधलेली, आणि दर घराचा कपडे वाळत घालायचा एकेक रंगीत चिमटा. ज्याला चार्जिंग हवं त्याने सकाळी जाताना आपला चिमटा दोरीला लावायचा, आधीच्याच्या उजवीकडे. डावीकडून क्रम. गाडी पॉइंटला लागली की चिमटा तिच्या केबलवर. आत्यांनी खिडकीतून पाहिलं की कळायचं, आता निळा, मग पिवळा, मग नर्सबहिणींचा टवका उडालेला गुलाबी.

ऐकायला सोपं वाटतं. पण गाडी हलवायची म्हणजे दादाला उशीला नीट टेकवायचं, चप्पल घालायची, केबल ओढून काढायची. केबल जाड, उन्हात तापलेली, आणि आत्यांचा उजवा खांदा बसच्या स्टिअरिंगने केव्हाच निकामी केलेला. मग गाडीत बसून सीट पुढे घ्यायची, कारण सगळे पुरुष लांब पायांचे. गाडी काढायची, दुसरी घालायची, पुन्हा केबल. परत येऊन बसावं तर तिसरी भरलेली. आणि संध्याकाळी बँकवाल्यांनी हसत हसत म्हणायचं, "आत्या, सीट तेवढी मागे करत जा हं, रोज गुडघे आपटतात." आत्याही हसत. बसमध्ये त्यांनी कुणाचं एवढं हसून घेतलं नव्हतं.

या सगळ्यात मार खात होती ती दादाची दुपार.

दादाला व्यायाम करवायला आठवड्यातून एकदा एक बाई येई. तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की माझं येणं नावापुरतं आहे, खरं काम रोजचं, आणि ते तुम्ही करायचं. उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडायची, ताणून धरायची, सोडायची. सकाळी औषधाच्या गुंगीत दादा लाकडासारखा असे. संध्याकाळी तो थकून चिडचिडा होई आणि हात लावू देत नसे. जेवणानंतरचा काय तो वेळ त्याचं अंग सैल असे, मन ठिकाणावर असे. आणि नेमका तोच वेळ उन्हाचा, गाड्यांचा.

आत्या दोन बोटं उघडत, तिसऱ्याला हात घालत, तोच खिडकीबाहेर चार्जरचा हिरवा दिवा लागे, म्हणजे गाडी भरली. "आलेच रे," असं म्हणून त्या उठत. परत येईपर्यंत दादाला डुलकी लागलेली असे. सुरुवातीला त्याला उठवून त्या उरलेली बोटं करून घेत. पुढे पुढे त्याला झोपू देऊ लागल्या. खरं सांगायचं तर उठवायचं त्राण त्यांच्याकडेच उरलं नव्हतं.

असं चालू असताना एक दिवस दोरीवरचे सगळे चिमटे नाहीसे झाले.

संध्याकाळी अंगणात बाजार भरला. प्रोफेसर म्हणत माझा पहिला होता. चष्मेवाला म्हणे सकाळी मी लावला तेव्हा दोरी रिकामी होती, मग तुमचा पहिला कसा? थोरल्या नर्सबाईंची गाडी भरलीच नव्हती आणि त्यांना ड्यूटीवर जायचं होतं. शेवटी सगळ्यांच्या माना एकदम तळमजल्याच्या खिडकीकडे वळल्या. आत्यांना आठवत असेलच की! आत्यांना आठवत नव्हतं. त्या दिवशी दादाने कपडे खराब केले होते आणि दुपार त्यातच गेली होती. हे काही अंगणात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं चुकलं." काय चुकलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी. अंगात निळा एप्रन, वय चाळिशीच्या आसपास. एप्रनचा खिसा उलटा करून तिने मूठभर चिमटे आत्यांच्या पुढ्यात धरले.

ही लाँड्रीवाली. मागच्या गल्लीतल्या लाँड्रीची छोटी विजेवरची व्हॅन ती चालवी. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ आणि अधूनमधून बँकवाल्यांचे शर्ट. शर्ट द्यायला आली तेव्हा तिला मोकळ्या दोरीवर ओळीने चिमटे दिसले. लाँड्रीत चिमट्यांवरून रोज महाभारत होतं. दिसला चिमटा की उचलायचा ही तिच्या हाताला सवय. आपल्याच गाठोड्यातले कुणीतरी काढून लावले असणार असं समजून तिने सगळे खिशात टाकले. परत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे गुलाबी नसतातच.

"क्रम मात्र नाही हो राहिला, ताई," ती ओशाळून म्हणाली. "खिशात सगळे एक झाले."

आत्यांना हसू फुटलं. किती दिवसांनी फुटलं असेल कोण जाणे. त्यांनी तिला आत घेऊन चहा दिला. चहा पिताना लाँड्रीवालीची नजर सारखी अंगणातल्या पॉइंटकडे जात होती. मग हळूहळू तिचंही गाऱ्हाणं बाहेर आलं. व्हॅन विजेची, पण ती लावायला जागा कुठेच नाही. लाँड्रीच्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मग रोज हायवेवरच्या चार्जिंग स्टेशनला जायचं, तिथल्या रांगेत दुपार घालवायची, आणि परत येईपर्यंत निम्मं चार्जिंग रस्त्यातच संपवायचं. मालक म्हणतो जुनी डिझेलची व्हॅन परत काढू. ती जुनी व्हॅन चालवून चालवूनच तिचा खोकला जुनाट झाला होता. सकाळचं वाटप आणि संध्याकाळचं उचलणं यांच्यामध्ये तिला वेळच वेळ असे. इथे एखादा पॉइंट दुपारी मिळाला तर? आत्या म्हणाल्या, मी भाच्याच्या कानावर घालते.

त्याच आठवड्यात व्यायामवाली आली. तिने दादाचा हात हातात घेतला, बोटं उघडून पाहिली आणि पुन्हा पाहिली. चौथं आणि पाचवं बोट ताठ झालं होतं. उघडताना दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना दारात ती आत्यांना म्हणाली, "रागावत नाही, पण रोज होत नाहीये ना? एकदा मूठ आवळली की मग मलाही उघडता येणार नाही." आत्यांनी मान हलवली. ती गेल्यावर त्या बराच वेळ दाराची कडी धरून उभ्या राहिल्या. आत जाऊन दादाकडे बघायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात बाहेर हिरवा दिवा लागला आणि त्या किल्ली घेऊन गेल्या. सवयीने. केबल हातात आल्यावर त्यांना कळलं की आपण बाहेर आलोय.

रविवारी भाच्याच्या दिवाणखान्यात कमिटीची बैठक बसली. लाँड्रीवालीलाही बोलावलं होतं. ती सोफ्याच्या अगदी कडेला, केव्हाही उठता येईल अशी बसली होती. भाच्याने विषय मांडला आणि सगळ्यांना तो एकदम पसंत पडला. प्रोफेसर म्हणाले की वीज आकाशातून येते, तिला कुंपण कसलं. चष्मेवाल्याने तर आणखी एक डिलिव्हरीची स्कूटर आणि कोपऱ्यावरच्या नळदुरुस्तीवाल्याची गाडीही सुचवली. सगळे असे उदार झाले की बघत राहावं. मग बँकवाले म्हणाले की हे छानच, फक्त गाड्या वाढल्या म्हणजे अदलाबदल वाढणार, पण काळजी नको, आत्या आहेतच.

आत्या चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला.

"मी नाही करणार," त्या म्हणाल्या.

सगळ्यांना वाटलं, त्या व्हॅनबद्दल बोलताहेत. लाँड्रीवालीचा चेहरा उतरला. भाचा समजुतीने म्हणाला, "आत्या, एकच तर व्हॅन आहे."

"व्हॅनचं नाही रे. कुठल्याच गाडीचं नाही करणार. झालं माझं."

"बरं, आपण नंतर बोलू ना. घरात."

"हे घरच आहे की," आत्या म्हणाल्या. एकदोघं हसले. आत्या हसल्या नाहीत. भांडण उकरायचं त्यांच्या मनात नव्हतं, तेवढी ताकदही नव्हती. फार लांबचा पल्ला मारून आलेलं माणूस हॅण्डब्रेक ओढतं तसं त्यांनी ते म्हटलं होतं. "तुझ्या वडिलांची मूठ आवळत चाललीय. मी बाहेर गाड्या हलवत असते ना, त्याच वेळात. तू घरी नसतोस म्हणून तुला दिसत नाही. मला दिसत होतं, आणि तरी मी जात होते. आता माझ्याच्याने दोन्ही होत नाही."

भाच्याने मागे वळून पाहिलं. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. दादाला ऐकू गेलं असणार.

मग आत्यांनी सुचवलं ते असं. हिला दुपारी वेळ आहे. हिची व्हॅन इथे लागणार म्हणजे ही इथेच असणार. व्हॅन चालवते, गाडी हलवणं हिला जड नाही. हिला पॉइंट द्या आणि किल्ल्याही हिच्याकडे द्या. हिचं काम होईल, तुमचंही होईल.

दिवाणखान्यातली उदारता जरा खाली बसली. वीज देणं वेगळं आणि किल्ली देणं वेगळं. बँकवाल्यांनी घसा साफ केला. ते माणूस वाईट नव्हते, नुसते घाबरट होते. बाईंबद्दल काही नाही, पण ओळख ना पाळख, बाहेरच्या माणसाच्या हातात गाडी कशी द्यायची?

"माझ्या हातात दिलीत तेव्हा मला कुठे ओळखत होता?" आत्यांनी विचारलं. "अजून माझं नाव माहीत नसेल तुम्हाला."

बँकवाल्यांनी शेजारच्या प्रोफेसरांकडे पाहिलं. खरंच माहीत नव्हतं.

पण नकार आला तो भलतीकडूनच. लाँड्रीवाली उठून उभी राहिली. "मला नकोत किल्ल्या, ताई. उद्या कुणाच्या गाडीवर कुठे ओरखडा निघाला, तो आधीचा असला तरी माझ्याच नावावर जाईल. माझी नोकरी जाईल. त्यापेक्षा हायवे परवडला." आणि ती खरोखरच निघाली. तिचं काही चुकत नव्हतं. आत्यांना हे सुचलंच नव्हतं, आणि आता पुढे काही सुचवण्याइतकं डोकं चालत नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. इतक्या बैठका त्या घरात झाल्या, पण आत्या बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

भाचा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. पट्टीवरून आपली किल्ली काढून त्याने लाँड्रीवालीपुढे धरली. "माझ्या गाडीला काय झालं तर ते माझं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतोय. ज्याला हे पटेल त्याने किल्ली द्यावी. नाही पटत त्याने दुपारी स्वतः येऊन गाडी हलवावी. आत्याच्या दाराची बेल कुणी वाजवायची नाही." थोरल्या नर्सबाई लगेच म्हणाल्या की आमची घ्या, तिच्यावर आधीच इतके ओरखडे आहेत की नवा कुठला ते देवालाही कळणार नाही. प्रोफेसरांनी आकाशातल्या विजेची आठवण ठेवून, जरा वेळाने का होईना, होकार दिला. चष्मेवाला घरी विचारून सांगतो म्हणाला. बँकवाल्यांनी आपली किल्ली हुकावरून काढली आणि खिशात घातली.

सोमवारी लाँड्रीवाली आली. आत्यांनी तिला एकदाच अंगणात नेलं. तिसऱ्या पॉइंटची जागा भिंतीच्या कोनात होती, तिथे गाडी उलटी घालावी लागे. प्रोफेसरांची गाडी घालताना ती सारखी आत्यांकडे बघत होती, बरोबर येतेय का विचारत.

"माझ्याकडे नको, आरशात बघ," आत्या म्हणाल्या. "मी उद्यापासून नाहीये."

गाडी थोडी तिरकी लागली. केबल पोचली. आत्यांनी तिरकेपणाकडे कानाडोळा केला.

मंगळवारी जेवणं झाल्यावर आत्यांनी दादाचा हात मांडीवर घेतला. अंगठा, मग दुसरं बोट. बाहेर गाड्यांचा आवाज येत होता. लाँड्रीवाली खोकत होती, कुणाची तरी गाडी मागे घेत होती. जरा जास्तच वळवतेय, आत्यांना आवाजावरूनच कळलं. त्यांनी डोळे मिटले. मधलं बोट. चौथ्यापाशी दादा कण्हला. आत्या थांबल्या, धरून राहिल्या, सोडलं. पुन्हा.

पहिल्या पॉइंटला बँकवाल्यांची गाडी उभी होती. ती केव्हाच भरली होती. हिरवा दिवा लागलेला खिडकीतून स्पष्ट दिसत होता आणि तिच्यामागे नर्सबहिणींची गाडी ताटकळत होती. बँकवाले संध्याकाळशिवाय येणार नव्हते. तोपर्यंतचं ऊन फुकट जाणार होतं. दादानेही ते पाहिलं असावं. त्याने डाव्या हाताने खिडकीकडे बोट केलं आणि अडखळत म्हणाला, "चिमे... गाडी."

इतक्या वर्षांनी आत्यांना चिमी म्हणणारा तोच एक उरला होता.

"असू दे," आत्या म्हणाल्या.

पण त्यांचे पाय चपलेकडे गेलेच. अंग अर्धं उठलंसुद्धा. तेव्हा त्यांच्या हातातल्या दादाच्या बोटांत काहीतरी हललं. ती त्यांच्या बोटांवर मिटू पाहत होती. अडवून धरण्याइतका जोर त्यांत नव्हता. आत्या सहज हात सोडवून घेऊ शकल्या असत्या. त्या खाली बसल्या. बोटं पुन्हा उघडायला हवी होती, पण त्यांनी थोडा वेळ ती तशीच राहू दिली आणि बसल्या बसल्या मान भिंतीला टेकवली.

दादाने डाव्या हाताने पडदा ओढायचा प्रयत्न केला. पडदा अर्ध्यावर अडकला. आत्यांना तोवर झोप लागली होती.